खुली जवारी

माझ्या दिवाणाखाली सध्या दोन सायलेन्सर आहेत. पुतण्यानं जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून आणले. "काकू, भंगारात घालू नकोस हं. गाडी विकायची वेळ आली की मूळचेच परत बसवावे लागतात." त्याच्या फ्लॅटला माळा नाही आणि सूनबाईंनी तुळशीशेजारी ते ठेवू दिले नाहीत. गाडी मस्टँग, सेकंडहँड. फोर्डनं २०१६ मध्ये ती भारतात आणली त्या पहिल्या खेपेतली, पाच लिटरच्या व्ही-एट इंजिनाची.

एका रात्री झोप येईना म्हणून मी त्यातला एक डबा बाहेर ओढला आणि बोटानं वाजवून पाहिला. बद्द वाजला. बरोबरच आहे, आवाज गिळणं हेच त्याचं आयुष्यभराचं काम. आत कप्पे असतात, भोकं पाडलेल्या नळ्या असतात, काहींत काचेच्या तंतूंची लोकर ठासलेली असते. इंजिनातून सुटलेली दाबाची लाट कप्प्यात शिरते, भिंतीवर आपटून माघारी फिरते आणि मागून येणारीला सामोरी जाते. एकीचा चढ आणि दुसरीचा उतार एका वेळी आला की दोघी तिथेच मावळतात. कारखान्यात हे सगळं ठरतं तेव्हा टेबलाभोवती बरीच मंडळी असतात: निरनिराळ्या देशांचे आवाजाचे नियम, हिशेबनीस, गाडी ऐटीत हवी पण कान दुखायला नकोत म्हणणारं गिऱ्हाईक. सगळ्यांचं मन राखून जो आवाज उरतो तो कुणाच्याच मनातला नसतो. पुतण्या त्याला 'स्टॉक' म्हणतो. आमच्या घरात रेशनच्या तांदळाचं नाव ज्या सुरात निघायचं, अगदी त्या सुरात.

नवीन बसवला तो ॲक्सल-बॅक एक्झॉस्ट. म्हणजे मागच्या ॲक्सलनंतरचा, शेपटाकडचा भाग तेवढा बदलला. मधला पाइप आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागच्या जागी. मला मुद्दाम पार्किंगमध्ये नेऊन त्यानं गाडी सुरू केली. आधी एक खाकरा, मग खोल, किंचित लंगडत चाललेली घरघर. ही लंगड त्या इंजिनाच्या हाडातली आहे. आठ सिलिंडरांचे स्फोट एकामागून एक समान अंतरानंच होतात. पण एका बाजूच्या चौघांचे पाहिले तर कुठे दोन लगोलग येतात, कुठे लांब खंड पडतो. दोन्ही बाजूंचे पाइप वेगळे राहिले की तो अडखळता ठेका कानाला कळतो. फेरारीचा क्रँकशाफ्ट निराळ्या घडणीचा, तिथे दोन्ही बाजू आलटूनपालटून बोलतात आणि आवाज सरळ तारसप्तकात जातो. मला ही अडखळणारी बरी वाटली.

"मग ताकद किती वाढली?" मी विचारलं.

"ताकदीसाठी नाही गं काकू." उत्तर प्रामाणिक होतं. शेपटाकडचे डबे बदलून ताकद वाढते म्हणणारा दुकानदार भेटला तर पैसे पुन्हा खिशात ठेवावेत.

सुबारूवाल्यांची कथा याच्याही पुढची. त्यांच्या आडव्या चार सिलिंडरांच्या इंजिनाचा तो प्रसिद्ध गुरगुराट कसा आला, तर टर्बोपर्यंत जाणाऱ्या नळ्या जागेअभावी लहानमोठ्या कराव्या लागल्या म्हणून. पुढे कंपनीनं नळ्या समान लांबीच्या केल्या, इंजिन सुधारलं, गुरगुराट गेला. आता लोक बाजारातून असमान नळ्या विकत आणून बसवतात. पैसे मोजून दोष परत घेतात.

आणि मला तो वेडेपणा वाटत नाही, कारण मी मिरजेत हेच होताना पाहिलंय.

आम्ही सांगलीत राहायचो. आई गायची, मैफली नव्हेत, पण पहाटे तंबोरा घेऊन बसायची. तंबोऱ्याची जवारी उतरली की तिचं कशातच लक्ष लागत नसे. आमटी खारट व्हायची. मग एखाद्या रविवारी तंबोऱ्याला खोळ चढवून बसनं मिरज गाठायची. खिडकीची जागा तंबोऱ्याला, त्याच्याशेजारी आई, मी उभी. मिरजेच्या त्या गल्लीत वाद्यं करणारी घरं एकाला एक लागून. मूळचे हे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी सतारी-तंबोरे घडवायला घेतले आणि पुढच्या पिढ्यांनी तेच धरलं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून यायचे. दारात वाळत घातलेले ते अगडबंब भोपळे पाहून मला कायम वाटायचं की यांची भाजी का करत नाहीत.

आम्ही ज्यांच्याकडे जायचो त्या चाचांची बैठक उंबऱ्याला लागून होती. ते आधी काही बोलतच नसत. तारा सैल करायच्या, तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा माथा बोटाच्या टोकानं चाचपायचा, तारांनी रुतून पडलेले चरे उजेडात धरून बघायचे. मग बारीक कानस. दोन हात फिरवायचे, तारा चढवायच्या, छेडायचं, पुन्हा उतरवायच्या. घोडीचा माथा सपाट दिसतो पण नसतो, त्याला अगदी थोडा उतार असतो. तार त्या उतारावर लोळत, घासत थरथरते. त्या घासण्यातूनच तंबोऱ्याचा तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भरलेला नाद निघतो, तीच जवारी. एरवी वाद्यात तार कुठे घासली तर तो बिघाड. इथे बिघाड नीट बसवून देण्याचे पैसे घ्यायचे. शेवटी तारेखाली रेशमाचा दोरा, तो केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी नाद बंद, कोंडल्यासारखा. जरा सरकवला की खुला.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तंबोऱ्याच्या या घोडीवर लिहिलं होतं. तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर उमटू नये, असा युरोपातला नियम. तंबोऱ्याची तार तो नियम पाळत नाही. कुठेही छेडा, सगळे उपस्वर हजर. हे मी फार नंतर वाचलं.

एकदा चाचांनी दोरा बसवला, तंबोरा माझ्या मांडीवर दिला आणि स्वतः उठून गल्ली ओलांडून पलीकडे गेले. पानपट्टीजवळ आमच्याकडे पाठ करून उभे. सायकली जात होत्या, कुणीतरी टांगा वळवत होतं. तिकडून ओरडले, "पोरी, खर्जाची परत छेड." मी छेडली. परत आले, दोरा हलवला, परत गेले. असं चाललं होतं. आई म्हणाली, "चाचा, इथे बसूनच ऐका की." ते म्हणाले, "बाई, मांडीवर घेतलेल्याला आपला तंबोरा गोडच लागतो."

परतीच्या बसमध्ये आईनं खोळीवरूनच हात फिरवत ठेवला होता. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली तेव्हा ती नव्हती.

तर पुतण्या. पंधरवड्यानं त्याचा फोन आला, आवाज पडलेला. एक्स्प्रेसवेवर गाडी सहाव्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमच्या आसपास आली की आत नुसतं हूं हूं हूं. खंडाळ्यापर्यंत डोकं उठतं. याला ही मंडळी 'ड्रोन' म्हणतात. हिशेब सोपा आहे. मिनिटाला दोन हजार फेरे, प्रत्येक फेऱ्यात चार स्फोट, म्हणजे सेकंदाला १३३. नेमक्या त्या स्वराला गाडीची पोकळी साथ देते. त्यावर तोडगाही आहे, त्याला जे-पाइप म्हणतात. मुख्य पाइपला एका टोकाला बंद असलेली नळी फांदीसारखी जोडायची, लांबी त्या लाटेच्या पाव. तापलेल्या धुरात ध्वनी सेकंदाला पाचशे मीटरहून जास्त धावतो, तेव्हा नळी साधारण मीटरभर येते. लाट आत जाऊन बंद तोंडावरून परतते तोवर अर्धा फेरा उलटलेला असतो. ती तेवढा एकच स्वर पुसते, बाकीच्यांना धक्का लावत नाही. मला हे फार आवडलं. वेल्डिंगवाल्यानं जागा मोजून केलं, ड्रोन गेला.

पण यात एक गंमत आहे. पैसे भरणारा काचा लावून आत बसतो आणि त्याच्या वाट्याला ड्रोन येतो. खरा आवाज मागे पडतो, फुटपाथवर. तो आवडतो की नाही हे फुटपाथला कुणी विचारलेलं नसतं.

त्यातही सकाळचा पहिला आवाज सगळ्यांत मोठा, कारण थंड इंजिन मुद्दाम जास्त फेऱ्यांवर चालवून कन्व्हर्टर लवकर तापवायचा असतो. फोर्डच्या एका अभियंत्यानं आपली शेल्बी मस्टँग घरातून काढली तेव्हा शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. त्यातून कंपनीनं २०१८ च्या मॉडेलला झडपेचा एक्झॉस्ट आणि ठरावीक वेळात गुपचूप सुरू होण्याची सोय दिली. 'गुड नेबर मोड'. आवाज ७२ डेसिबलपर्यंत खाली. पुतण्याच्या गाडीला ही सोय नाही. आपल्याकडे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. शिवाय कंपनीनं दिलेल्या गाडीत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि जप्त केलेले सायलेन्सर ओळीनं मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. ते फोटो पाहून मला वाईट वाटत नाही, हेही सांगून टाकते. त्यांत बहुतेक बुलेटचे असतात, आणि आत काहीच नसलेल्या पोकळ नळीला सुरात लावलेलं म्हणता येत नाही. तीच गोष्ट ॲक्सिलरेटर सोडला की फटफट फटाके वाजवणाऱ्या गाड्यांची. तिथे संगणकाला शिकवून ठिणगी उशिरा पाडतात आणि पेट्रोल पाइपात जाळतात. हा आवाज इंजिनाचा नव्हेच, दिवाळी आहे.

तेव्हा असा एक्झॉस्ट बसवायचाच असेल तर कन्व्हर्टरला हात लावू नका. पैसे देण्याआधी गाडी मित्राला चालवायला द्या, आपण रात्री साडेदहाला दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहा आणि त्याला दोनदा खालून जायला सांगा. शक्यतो ज्या घरात तान्हं मूल आहे त्या घराच्या गॅलरीत.