टिपेश्वराच्या वाटेवर

एकाच शाळेंत, एकाच खुर्चीवर बसून आम्हीं आपली छत्तीस वर्षांची नोकरी पुरी केली. बदल झाला तो एवढाच, कीं खुर्चीची वेताची बैठक मध्यंतरीं दोनदां नवी विणून घ्यावी लागली. अशा माणसास अकरा वर्षांत चार नोकऱ्या सोडणाऱ्याचें मन कळावें तरी कसें? आणि तो सोडणारा जर आपल्याच घरांतील, थोरल्या बंधूंचा मुलगा असेल, तर त्याच्याविषयीं निःपक्षपातानें बोलणें अधिकच कठीण. तथापि गेल्या फाल्गुनांत त्याच्यासह यवतमाळ जिल्ह्यांत चार दिवस हिंडण्याचा योग आम्हांस आला, आणि त्या प्रवासांत जें पाहिलें व ऐकिलें तें इतर कुटुंबांसही विचार करण्याजोगें वाटल्यावरून येथें सादर करीत आहों.

आमचें घर वर्ध्याचें. तिघे भाऊ अजून एका चुलीवर आहोंत. हा पुतण्या मात्र पुण्यास हिंजवडीकडे सॉफ्टवेअर लिहिण्याच्या नोकरींत आहे. संगणकानें काय करावें याच्या आज्ञा क्रमवार लिहून ठेवणें हा त्याचा धंदा. प्रथम आम्हांस त्यांतील कांहींच उमजत नसे. पण एकदां त्यानें समजावून दिल्यावर वाटलें, हें तर पाणिनीच्या घराण्यांतलेंच काम! नियम लहान असावा, कोणता आधीं व कोणता मागून हें ठरलेलें असावें, आणि एक अक्षर चुकलें तर सारें रूपच बिघडावें. सुटीच्या दिवशीं तो घरीं स्वस्थ बसत नाहीं. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेनें चढतो, पावसांत नाणेघाट उतरतो, आणि सोमवारीं गुडघे सोलून पुन्हां कामावर हजर होतो.

पहिल्या चार नोकऱ्या त्यानें सोडल्या त्या वेळीं घरांत कोणी ब्र काढला नव्हता. उलट पेढे वांटले होते, कारण दर वेळीं पगार वाढत होता. पांचव्या खेपेस मात्र त्यानें कळविलें, कीं जंगलांत लावलेल्या कॅमेऱ्यांचीं छायाचित्रें निवडण्याचें काम पत्करतों, पगार जवळजवळ निम्मा. तेव्हां आमच्या घरांत प्रथमच ‘अस्थिर वृत्ति’ हा शब्द उच्चारला गेला. पुण्याच्या घराचे हप्ते अजून बारा वर्षें फेडावयाचे, वहिनींचें औषधपाणी त्याच्या पैशावर चाललेलें, पदरीं सहा वर्षांची मुलगी. बंधूंनीं आम्हांस बाजूस घेऊन सांगितलें, “तुझें तो ऐकतो. जंगल पाहण्याच्या निमित्तानें त्याच्याबरोबर जा, आणि मन वळवून ये.” म्हणजे आमची ही यात्रा निर्हेतुक नव्हती, हें वाचकांस आधींच सांगितलेलें बरें.

वर्ध्याहून देवळीवरून मोटारीनें निघालों तों पहिला मुक्काम कळंबचा. वर्धा-कळंब हा रेल्वेमार्ग २०२४ सालीं सुरू झाला आहे. येथील चिंतामणीचें देऊळ जमिनीच्या पातळीखालीं आहे. पायऱ्या उतरून गाभाऱ्याशीं जावें लागतें. समोर कुंड आहे. इंद्राला गौतमाच्या शापांतून सोडविण्यासाठीं गणपतीनें अंकुशानें तें निर्माण केलें अशी कथा सांगतात. कांहीं वर्षांच्या अंतरानें कुंडाचें पाणी आपोआप चढतें, मूर्तीच्या चरणांस लागतें व ओसरतें, अशीही येथील लोकांची श्रद्धा आहे. पुतण्यानें हात जोडले, आम्हींही जोडले. दोघांची चिंता एकच होती. फक्त तिचें निवारण कोणत्या बाजूनें व्हावें याविषयीं देवापुढें दोन अर्ज होते.

दुपारीं यवतमाळ गांठलें. १९०५ पर्यंत हा जिल्हा वणीच्या नांवानें ओळखला जाई. काळी जमीन आणि कापूस हें येथील वैभव; परंतु अलीकडे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें याच जिल्ह्याचें नांव देशभर दुःखानें घेतलें जातें. स्थानकाकडे गेल्यावर आम्हांस शकुंतलेची आठवण झाली. ती कण्वकन्या नव्हे, तर मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी ११३ किलोमीटर धांवणारी अरुंद रुळांची गाडी. किलिक-निक्सन या ब्रिटिश पेढीनें ती वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठीं घातली. १९९४ पर्यंत तिला वाफेचें इंजिन होतें. तरुणपणीं त्या गाडींतून आम्हीं प्रवास केला, तेव्हां कोळशाच्या कणांनीं धोतराला पडलेलीं भोंकें आईनें रफू केलीं होतीं. आतां ती गाडी बंद आहे.

रात्रीं जेवणानंतर आम्हीं मूळ विषयास हात घातला. स्थैर्याचें महत्त्व पटवून देण्यासाठीं याच मातींतील उदाहरण घ्यावें म्हणून लोकनायक बापूजी अणे यांचें नांव काढलें. आमच्यासारख्या संस्कृत शिकलेल्यांस त्यांचा अभिमान स्वाभाविक आहे. १८८० सालीं वणीस जन्मलेला हा पुरुष अमरावतीस शिक्षक झाला, पुढें यवतमाळास वकिली करूं लागला, १९३० सालीं पुसदच्या राखीव जंगलांत गवत कापून कायदेभंग करतांना पकडला गेला. नंतर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत बसला आणि १९४३ त गांधीजींच्या उपोषणाच्या प्रसंगीं तें पद सोडून बाहेर पडला. त्यापुढें सिलोनांत हिंदुस्थानचा प्रतिनिधि, १९४८ पासून बिहारचा राज्यपाल, आणि उतारवयांत टिळकांवरील ‘तिलकयशोर्णव’ या संस्कृत काव्याचा कर्ता! त्या काव्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९७३ सालीं, बापूजींच्या निधनानंतर.

आम्ही हें आवेशानें सांगत होतों, आणि पुतण्या बोटें मोडून मोजीत होता. “काका,” तो हळूच म्हणाला, “हे सात धंदे झाले. माझे तर अजून पांचच आहेत.”

शिक्षकाच्या जन्मांत असा प्रसंग एखादाच येतो, कीं विद्यार्थ्यानें आपल्याच उदाहरणानें आपल्याला निरुत्तर करावें. आम्हीं म्हटलें, “अरे, त्यांनीं सोडलें तें देशासाठीं, तूं सोडतोस तें हौसेसाठीं.” यावर तो कांहीं बोलला नाहीं. त्याचें मौन आम्हांस त्या वेळीं विजयासारखें वाटलें.

दुसऱ्या दिवशीं पांढरकवड्यास गेलों, आणि तिसऱ्या दिवशीं पहांटे सुन्ना येथील दारांतून टिपेश्वर अभयारण्यांत शिरलों. १९९७ सालीं घोषित झालेलें हें अरण्य सुमारें १४८ चौरस किलोमीटरचें आहे. आंत टिपाई देवीचें ठाणें आहे व तिच्यावरूनच हें नांव पडलें. सागाचीं पानें गळून गेलेलीं, त्यामुळें नजर दूरवर जात होती. मधून मधून पळस इतका फुललेला, कीं डोंगराच्या कुशींत कोणी निखारे पसरून ठेवले आहेत असें वाटावें. चितळांचा कळप दिसला, रोही दिसले, नाल्याच्या ओल्या वाळूंत वाघाचे ताजे ठसेही दिसले. वाघ दिसला नाहीं.

त्या ठशांपाशीं गाडी थांबली असतां पुतण्यानें आपलें काम समजावून सांगितलें. झाडांना समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. ऊन देहाची हालचाल झाली कीं ते आपोआप छायाचित्र घेतात. दोन अशासाठीं, कीं वाघाच्या उजव्या व डाव्या कुशीवरील पट्टे सारखे नसतात, आणि एका वाघाचे पट्टे दुसऱ्याशीं कधींच जुळत नाहींत. पण हजारों छायाचित्रांत बहुतेक ठिकाणीं असतें काय? वाऱ्यानें हललेलें गवत, चुकार गाय, मोळी घेऊन जाणारी बाई. त्यांतून वाघ वेगळा काढणें, आणि तो कोणता हें पट्ट्यांवरून ठरविणें, यासाठीं संगणकास शिकवावें लागतें. “शिकवावें लागतें” हे शब्द ऐकून आमचे कान प्रथमच टवकारले.

मग त्यानें याच अरण्यांतील एका वाघाची हकीकत सांगितली. २०१९ च्या फेब्रुवारींत डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या लोकांनीं एका तरुण नराच्या गळ्यांत उपग्रहाला ठावठिकाणा कळविणारा पट्टा बांधला. वयांत आलेल्या नराला आईच्या रानांत जागा उरत नाहीं; त्यानें नवें रान शोधावें हा निसर्गाचाच नियम. त्या जूनमध्यें तो निघाला. तेलंगणांतील आदिलाबादकडे उतरला, पुन्हां महाराष्ट्रांत आला, शेतें, नाले, हमरस्ते ओलांडीत, बहुतेक रात्रींचाच चालत, सुमारें पांच महिन्यांत १३०० किलोमीटरांहून अधिक हिंडून बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. सारा हिशेब नऊ महिन्यांचा केला तर भटकंती ३००० किलोमीटरांवर जाते. लोकांनीं त्याला ‘वॉकर’ म्हटलें. एवढ्या वाटेंत माणसाशीं त्याची झटापट एकदांच झाली. कांहीं लोक तो बसलेल्या झुडपांत शिरले तेव्हां एकजण जखमी झाला. त्यानंतर टिपेश्वराकडचा एक वाघ २०२१ त औरंगाबादकडील गौताळ्यास निघाला, तर दुसरा २०२४ त धाराशिव जिल्ह्यांतील येडशी रामलिंगाच्या घाटांत दिसला.

“पाहिलेंत काका? जागा बदलणें म्हणजे चंचलपणाच असें नाहीं.”

आम्हीं विचारलें, “ज्ञानगंगेंत त्या वाघाला काय मिळालें?”

“शिकार मिळाली, पाणी मिळालें.”

“आणि वाघीण?”

तो जरा थांबला. “तेथें वाघीण नव्हती. एकटाच होता.”

“मग ध्यानांत ठेव,” आम्ही म्हणालों, “तुझ्या वाघाला हप्ते नव्हते आणि संसारही नव्हता.”

बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेस एका टपरीवर चहा घेतला. शेजारीं एक वृद्ध शेतकरी बसला होता. त्याचें शेत अरण्याच्या धुऱ्याला लागून. हरभऱ्यावर रोही आणि डुकरें तुटून पडतात म्हणून रोज रात्रीं तो जागलीला मळ्यावर जातो. त्याच भागांत, राळेगांव-पांढरकवडा पट्ट्यांत, टी-१ किंवा अवनी या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका ठेवण्यांत आला, व २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं तिला गोळी घालण्यांत आली. त्या दोन वर्षांची आठवण निघतांच म्हातारा चहाचा पेला हातांत धरून बराच वेळ गप्प राहिला. आमच्या पुतण्याला जें रान म्हणजे साहस, तें या माणसाच्या रोजच्या रात्रीचें काम होतें, आणि त्यांतून त्याला सोमवारीं परत जावयाचें नव्हतें.

“हे पोरगं काय करते जी?” त्यानें आम्हांस विचारलें.

पुतण्यानें स्वतःच सांगितलें, कीं कॅमेऱ्यानें वाघ ओळखावा आणि लगेच गांवांतल्या फोनवर खबर द्यावी, असा प्रयोग ताडोबाच्या कडेला झालेला आहे. आपणही त्याच दिशेचें काम करूं पाहतों.

म्हाताऱ्यानें नीट ऐकून घेतलें आणि विचारलें, “मंग राती मले झोपता येईन काय?”

आम्हांस वाटलें, आतां हा एखादें मोठें आश्वासन देईल. पण तो म्हणाला, “नाहीं, बाबाजी. आज तरी नाहीं. डुकरांचें तर मला कांहींच करतां येणार नाहीं. वाघाचें जमेल, पण त्याला वेळ लागेल.”

म्हाताऱ्यानें मान हलविली, आणि जातांना आमच्या चहाचे पैसे तोच देऊन गेला.

हें एक वाक्य ऐकून आमचें मन जितकें वळलें तितकें रात्रभराच्या वादानें वळलें नव्हतें. मागल्या चारही नोकऱ्यांत तुझ्या कामाचा उपयोग कोणाला, असें विचारलें असतां त्याला उत्तर देतां येत नसे. या वेळीं समोर माणूस होता, त्याची गरज ठाऊक होती, आणि आपलें काम ती कोठपर्यंत भागवील हें खोटें न बोलतां सांगण्याइतकी समजही आली होती. पगार वाढत असतांना ज्यांनीं पेढे वांटले, त्यांनीं पगार घटतांच त्याला अस्थिर म्हणावें हा न्याय कसला? आदल्या रात्रींचा आपला विजय पोकळ होता, असें आम्हांस त्या टपरीवर कबूल करावें लागलें.

तथापि एक प्रश्न शिल्लक होता. “सूनबाईला हें सारें सांगितलेंस का?” त्यानें मान खालीं घातली. अजून सांगितलें नव्हतें. चुलत्याला आधीं आणि पत्नीला मागून! आम्हीं तेथेंच त्याला फोन लावावयास लावला. पलीकडून सूनबाई शांतपणें म्हणाली, “दिवाळीपासून हे रात्रीं दोन-दोन वाजेपर्यंत जंगलाचे फोटो पाहत बसतात. मला कळलें नसेल असें वाटलें का यांना? काका, माझी नोकरी आहे; दोन वर्षें हप्ता मी ओढीन. पण मुदत कागदावर लिहून हवी, आणि आईंच्या औषधाचे पैसे एक महिनाही थांबतां कामा नयेत.”

पांढरकवड्याच्या मुक्कामीं प्रवेशाच्या पावतीच्या पाठीवर तो कागद लिहिला गेला. मुदत दोन वर्षें. हप्ता सूनबाईकडे, औषधांचा खर्च त्याच्या निम्म्या पगारांतून सर्वांच्या आधीं, आणि त्यांत तूट आली तर ती आमच्या निवृत्तिवेतनांतून. दोन वर्षांनीं हिशेब पुन्हां मांडावयाचा. त्यानें सही केली, साक्षीदार म्हणून आम्हीं केली, आणि सूनबाईच्या सहीसाठीं जागा मोकळी ठेवली. घरीं येऊन तो कागद बंधूंच्या हातीं दिला. मन वळवावयास गेलेला भाऊ साक्षीदार होऊन परत आला, हें पाहून ते दोन दिवस आमच्याशीं मोजकेंच बोलले. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं चष्मा लावून कागद पुन्हां वाचला व औषधांच्या ओळीखालीं पेन्सिलीनें रेघ ओढली.

ज्यांच्या घरांतील मुलगा किंवा मुलगी असाच चाकोरीबाहेरचा विचार करीत असेल, त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे, कीं निकाल देण्यापूर्वीं चार दिवस त्यांच्याबरोबर जाऊन तें काम डोळ्यांनीं पाहावें. टिपेश्वरास जावयाचें तर पावसाळा टाळावा. पळस पाहावयाचा असल्यास फाल्गुन उत्तम. पहांटे गारठा असतो, तेव्हां कानटोपी बरोबर असूं द्यावी. आणि अरण्याबाहेरच्या टपरीवर चहाला अवश्य थांबावें.