थंड गाडी

माझी गाडी २००६ सालची. नऊ वर्षांपूर्वी मी ती वापरलेलीच घेतली आणि तेव्हापासून सातारा-वाई हा पस्तीसेक किलोमीटरचा रस्ता तिच्या अंगवळणी पडला आहे. मागच्या वर्षी ती डावीकडे ओढायला लागली तेव्हा पहिले दोन महिने मी रस्त्याला दोष दिला. त्यात थोडं तथ्यही होतं. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता ठेवतात. आपण डाव्या बाजूनं चालवतो, त्यामुळे स्टीअरिंग सैल धरलं तर कुठलीही गाडी किंचित डावीकडे कलते. पण पाचवडपासून साताऱ्यापर्यंत मनगटाला रग लागते, ती रस्त्याच्या उतारानं नव्हे. हे मला कळत होतं.

मग मी अलाइनमेंटच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "अलाइनमेंट करून द्या." गाडीला काय होतंय ते मी सांगितलंच नाही, काय करायचं तेवढं सांगितलं. औषधाच्या दुकानात जाऊन आपणच गोळीचं नाव सांगावं तसं. त्यांनी मागितलं ते काम नीट केलं. मशीनवर सगळे आकडे हिरवे आले, चौकापर्यंत चक्कर मारली तर गाडी सुतासारखी सरळ. त्या आठवड्यात आनेवाडीच्या टोलनाक्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच ती पुन्हा डावीकडे. पाच महिन्यांत मी तीनदा अलाइनमेंट केलं. गावात फिरताना सरळ, पंधरा-वीस किलोमीटर गेलं की ओढ, ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती एकदाही कुणाला सांगितली नाही. मला ती सांगण्यासारखी वाटलीच नाही.

पुढची चूक याहून वाईट. ज्या बाजूच्या टायरमध्ये हवा कमी, त्या बाजूला गाडी ओढते, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून मी पुढच्या उजव्या टायरमध्ये मुद्दाम २६ पौंड हवा ठेवली आणि डाव्यात ३२. ओढ कमी झाली. मला समाधान वाटलं. चार महिने मी तशीच गाडी चालवली.

त्यानंतर स्टीअरिंग थरथरायला लागलं. ऐंशीच्या आसपास हातात मुंग्या आल्यासारखं व्हायचं. ब्रेक दाबला की वेगळे, जाडे हादरे बसायचे. मी दोन्हींना एकच नाव दिलं होतं, "व्हायब्रेशन". चाकांचं बॅलन्सिंग दोनदा करून घेतलं, शिशाची वजनं बसली, मशीनवर शून्य आलं, थरथर राहिली. दरम्यान गाडीचा अॅव्हरेज सोळावरून तेरावर आला होता आणि डाव्या चाकाची व्हीलकॅप काळी पडली होती. अॅव्हरेजचं खापर मी एसीवर फोडलं. व्हीलकॅप पुसून टाकली.

जुलैमध्ये पुतण्या वाईहून माझ्या आईला साताऱ्याला डॉक्टरकडे घेऊन येत होता. गाडी मीच दिली होती. हवेचं, ओढीचं त्याला काही बोललो नव्हतो. पाऊस होता. समोर म्हैस आली, त्यानं जोरात ब्रेक दाबला आणि गाडी फटकन डावीकडे फिरून साइडपट्टी सोडून चिखलात गेली. झाडापासून हातभर अंतरावर थांबली. आईचा गुडघा समोर आपटला, बाकी कुणाला काही झालं नाही. मी पोचलो ते ओरडतच. "ओल्या रस्त्यावर ब्रेक असा मारतात का?" तो म्हणाला, "काका, मी स्टीअरिंग सरळच धरलं होतं." त्या क्षणी माझ्या मनात उजव्या टायरमधली हवा आली होती. तरी मी आणखी दोन वाक्यं त्यालाच सुनावली.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. "सर, थंड गाडी मला नको. वीस किलोमीटर फिरवून आणा. आणि येताना ब्रेक मारू नका, गिअर उतरवत थांबवा." तसंच केलं. त्यांनी बोटांनी दोन्ही पुढच्या डिस्कवर पाण्याचे थेंब शिंपडले. उजवीकडचे थेंब ओघळून गेले. डावीकडे चर्रर्र आवाज झाला आणि वाफ निघाली.

डावं चाक जॅकवर चढवलं. गाडी न्यूट्रलमध्ये, तरी चाक हातानं हलेना. मिस्त्रींनी कॅलिपरवरचं हवा काढायचं निपल पान्यानं जरा सैल केलं, ब्रेक ऑइलची एक चिळकांडी उडाली आणि तेच चाक अलगद फिरलं. मग निपल बंद करून त्यांनी मला ब्रेक दाबायला लावला. चाक पुन्हा जाम. या वेळी त्यांनी रबरी होजच्या अलीकडचा, लोखंडी पाइपाचा जोड सैल केला. चाक जामच. म्हणजे दाब कोंडला होता तो मधल्या वीतभर होजमध्ये. तो काढून त्यांनी ब्लेडनं आडवा कापला आणि माझ्या तळहातावर ठेवला. बाहेरून रबर ठणठणीत. आत ते फुगून भोक सुईच्या टोकाएवढं राहिलं होतं. पायाच्या जोरानं ऑइल कॅलिपरकडे जात होतं, पाय काढल्यावर परत येत नव्हतं. डावा ब्रेक अर्धवट लागलेलाच राहायचा, तापायचा, अधिक धरायचा. डिस्क कडेनं निळसर झाली होती. ब्रेक दाबल्यावरचे हादरे तिचे होते. त्या होजची किंमत माझ्या एका अलाइनमेंटपेक्षा कमी होती.

"आणि नुसतं ऐंशीला थरथरतं ते?" मी विचारलं. त्यांनी उजवं चाक उचललं, विटेवर स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याचं टोक टायरच्या नक्षीपासून केसभर लांब धरलं आणि चाक सावकाश फिरवलं. फट सगळीकडे सारखी, मग एके ठिकाणी टोक खसकन घासलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच. टायरला उंचवटा आला होता. बॅलन्सिंगनं वजन सारखं होतं, टायर गोल होत नाही. नक्षी भरपूर शिल्लक होती, म्हणून मी तो टायर चांगला समजत होतो. बाजूवरचे चार आकडे मी कधी वाचलेच नव्हते. २३१२, म्हणजे २०१२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. अशा म्हाताऱ्या टायरला मी चार महिने कमी हवेवर पळवलं होतं. कमी हवेचा टायर फिरताना जास्त दबतो, तापतो आणि आतून सुटायला लागतो. एक दोष झाकायला मी जे केलं, त्यातून दुसऱ्याला हातभार लागला होता.

होज दोन्ही बाजूंचे बदलले, ब्रेक ऑइल नवं भरलं, डिस्क, पॅड आणि पुढचे दोन टायर घेतले. सगळं झाल्यावर शेवटी अलाइनमेंट केलं, चौथ्यांदा. वाईला जाऊन आलो. येताना आनेवाडीला हात सैल सोडून पाहिले.

रात्री पुतण्याला फोन केला. होजचं सांगितलं, हवेचं सांगितलं, चूक तुझी नव्हती म्हणालो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, त्या दिवसापासून मी गाडीला हात लावलेला नाही."