काजूवरची पीएच.डी.

मैत्रिणींनो, गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी सगळ्यांच्या देखत मला विचारलं, "तुम्ही म्हणे काजूवर पीएच.डी. केलीत? अहो, काजूवर कसलं संशोधन? भाजायचे नि खायचे!" सगळ्या हसल्या. मीही हसले, वाण घेतलं आणि घरी आले. खरं सांगू का, हाच प्रश्न मला आधी आमच्या सासूबाईंनी विचारला होता आणि एकदा एस.टी.च्या कंडक्टरनेही. तेव्हा आज तुम्हालाच सगळं सांगून टाकते. त्यात एक गोष्ट अशी आहे, जी हळदीकुंकवात सांगण्यासारखी नव्हती.

बी.कॉम. झाले आणि लग्न होऊन चंदगडला आले. चंदगड म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचं दक्षिणेचं टोक. जिल्ह्याचं गाव शंभर किलोमीटरच्या पुढे आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ. पाऊस असा, की जून ते सप्टेंबर घरात ओल्या कपड्यांच्या दोऱ्या. पंधरा वर्षं ह्यांच्या दुकानाचे हिशेब लिहिले. मुलगी दहावी झाली आणि मी दूरशिक्षणाने एम.बी.ए.ला नाव घातलं. हे शिक्षण म्हणजे मुंबईच्या टायवाल्यांचं, अशी माझी समजूत. कोल्हापुरात १९६२ साली शिवाजी विद्यापीठ निघालं आणि १९७६ साली डॉ. ए. डी. शिंदे यांनी व्यवस्थापन शिकवणारी 'सायबर' ही संस्था काढली, हे मला चाळिशी जवळ आल्यावर कळलं! आपल्याच जिल्ह्यात असलेलं आपल्याला माहीत नसतं, तसं झालं.

विषय घेतला मार्केटिंग. मराठी पुस्तकात त्याला 'विपणन' म्हणतात. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो शब्द 'विपरीत'चा भाऊ वाटला. मार्केटिंग म्हणजे जाहिरात, असंच आपण धरून चालतो. पण फिलिप कॉटलर यांचं १९६७ साली निघालेलं पुस्तक जगभर ह्या विषयाला लावतात, ते मी डिक्शनरी शेजारी घेऊन वाचू लागले तेव्हा कळलं, की जाहिरात हा त्यातला एक कोपरा आहे. माल काय करायचा, किंमत काय ठेवायची, तो कुणाच्या हातून कुठं पोचवायचा, हे सगळं आधी येतं. पुस्तकातली उदाहरणं अमेरिकेची, मोटारींची. माझ्या डोक्यात मात्र 'लिज्जत' बसला. १५ मार्च १९५९ला गिरगावात सातजणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. पुढे काम वाढलं तेव्हा पीठ एका ठिकाणी मळायचं, वाटून द्यायचं आणि लाटायचं मात्र ज्यानं त्यानं घरी, अशी पद्धत पडली. चव सगळीकडे एक आणि बाईला घर सोडावं लागत नाही. मालाचा दर्जा कसा राखावा, ह्याचा धडा पापडावरून मला जितका पटला तितका मोटारीवरून पटला नव्हता.

मग पीएच.डी.ला नाव नोंदवताना विषय शोधायला लांब कशाला जायचं? आमच्या तालुक्यात डोंगरउतारावर काजू आणि गावोगाव काजूचे लहानमोठे कारखाने. काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो इकडे आणला. तुम्ही दिवाळीला पाकीट फोडता, त्याच्या मागे किती हात असतात पाहा. बी उन्हात वाळवायची, वाफेवर शिजवायची, मग एकेक बी यंत्रात धरून हातापायाच्या दाबाने फोडायची. सालपटातलं तेल इतकं जळजळीत, की बायकांची बोटं काळी पडतात, कातडी सोलते. मग आतला गर भट्टीत वाळवायचा, वरची तांबूस साल सोलायची आणि शेवटी निवड. पाकिटावर 'डब्ल्यू २४०', 'डब्ल्यू ३२०' लिहिलेलं असतं ना, तो आकडा म्हणजे एका पौंडात, सुमारे साडेचारशे ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे गर बसतात तो. आकडा लहान तितका काजू मोठा नि महाग. दुकानदार उलटं सांगू लागला तर आता फसू नका! शिऱ्यात नि खिरीत घालायला पाकळी किंवा तुकडा घेतला तरी चवीत काही कमी होत नाही, हेही जाता जाता सांगते.

संशोधनातला एक हिशेब तुम्हाला सांगायलाच हवा. समजा, शेतकऱ्याला बीचे किलोला शंभर रुपये मिळाले आणि तुम्ही गर आठशे रुपयांनी घेतला. आपण लगेच म्हणतो, "बघा, सातशे रुपये मधल्यांनी खाल्ले!" मीही आधी तसंच लिहिलं होतं. पण एक किलो गर निघायला चार ते पाच किलो बी लागते. साडेचार किलो धरली तर साडेचारशे रुपयांची बी झाली, म्हणजे तुमच्या रुपयातले छप्पन्न पैसे शेतकऱ्याचे. उरलेल्या चव्वेचाळीस पैशांत जळण, मजुरी, पाकीट, भाडं, व्यापारी आणि दुकानदार. त्यात आफ्रिकेतून बी आयात होते, तिचा भाव उतरला की आमच्या इथल्या बीचाही उतरतो. हे छप्पन्न नि चव्वेचाळीस नीट कळायला मला दोन वर्षं लागली. आणि फोडणाऱ्या बाईच्या वाट्याला त्यातले किती पैसे येतात, हे कळेना, म्हणून मी प्रश्नावली घेऊन कारखान्यांत जाऊ लागले.

दीडशे कामकरी बायकांना विचारायचं ठरलं होतं. आता हे लिहिताना जरा हात अडखळतो.

प्रश्न छापील होते. मासिक उत्पन्न किती? मजुरीचा पैसा कोण खर्च करतं : स्वतः, नवरा, सासू, की दोघं मिळून? 'समाधानी आहात का' ह्याला तर पाच पायऱ्यांची पट्टी. मुकादम शेजारी उभा, बायकांचे हात चालू, आणि एक जण म्हणाली, "तुमास्नी काय पायजे ते लिवा बाई, आमचं काम खोळंबतंय." जूनचा पहिला आठवडा, लांबच्या वाड्यांवरून टेम्पोनं येणाऱ्या बायका, टेम्पो सुटायला आलेला आणि पाऊस कोसळतोय. अकराजणींची नावं नि गावं तेवढी लिहून झाली. बाकीचं रात्री मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून भरलं. हो, मीच भरलं! बाकीच्यांचं ऐकून साधारण माहीत झालंच आहे, अशी मनाची समजूत घातली. दीडशे पुरे झाले म्हणून दुसऱ्या दिवशी गोड केलं.

पितळ उघडं पडलं ते तक्ते करताना. एकशे एकोणचाळीस कागदांत पैसा कुणाच्या हातात, ह्याची उत्तरं कशीही विखुरलेली. कुठं नवरा, कुठं सासू, बऱ्याच ठिकाणी रकाना कोराच. आणि ह्या अकरा कागदांत सगळीकडे एकच खूण : 'दोघं मिळून'. अकराच्या अकरा! मी त्या बायकांचं नव्हतंच लिहिलं. मी माझ्या घरात जे असावंसं वाटतं ते लिहिलं होतं.

रात्री ह्यांना सांगितलं. हे मनाने चांगले, पण दुकानदार माणूस. म्हणाले, "अगं, अकराच तर आहेत. कोण बघतंय? आणि एवढी दगदग कशाला? शहरात टायपिंगचं दुकान आहे, ते अख्खा प्रबंध करून देतात म्हणे. पैसे मी देतो." मी म्हटलं, "अहो, दुकानात भेसळीची डाळ आली तर परत पाठवता ना?" ते गप्प बसले, आणि मीही, कारण भेसळ तर मीच केली होती. दोन दिवस आमच्यात 'जेवायला वाढू का' एवढंच बोलणं.

मार्गदर्शक बाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. वाटलं होतं, ओरडतील. त्या म्हणाल्या, "एकशे एकोणचाळीसच लिहा नि कारण द्या. पण त्या अकराजणी कुठल्या होत्या?" सगळ्या लांबच्या वाड्यांवरच्या. म्हणजे त्या गाळल्या, तर ज्यांना टेम्पोचं भाडंही मजुरीतून द्यावं लागतं त्याच हिशेबातून गेल्या. पुन्हा जायला हवं होतं. तोवर भातलावणी सुरू झालेली, बायका शेतात. गणपती होईपर्यंत थांबले. तोंडी परीक्षा मुलीच्या लग्नाआधी उरकायची ठरली होती, ती लग्नानंतर गेली. सासूबाई म्हणाल्या, "विहीण विचारेल, सूनबाईच्या आईची परीक्षा अजून व्हायचीय का?" त्यांनी खरोखरच विचारलं!

गणपतीनंतर मात्र कागद पिशवीतच ठेवला. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्यांच्यात बसले आणि विचारलं, "गेल्या आठवड्याच्या पगाराचं काय घेतलंत?" मग बोलू लागल्या. एकीनं पोराची वही नि पेन सांगितलं, एकीनं बचत गटाचा हप्ता. एक आक्का म्हणाल्या, "घेतोय कुठं? पगार ह्येंच्या हातात. पर शंभर मी लपवतो, ते लिवू नका." मी लिहिलं नाही. तुम्हाला सांगतेय, पण कुठली आक्का ते सांगणार नाही. आणखी एक कळलं. मी 'ग्राहक' म्हणून पुण्या-कोल्हापूरच्या बायकांना विचारलं होतं. ह्या फोडणाऱ्या बायका दिवाळीला तुकडा विकत घेऊन नेतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यावर पुढे एक वेगळं प्रकरण झालं. अकरापैकी नऊ भेटल्या. दोघी काम सोडून गेल्या होत्या. प्रबंधात एकशे अठ्ठेचाळीस असा वेडावाकडा आकडा आहे तो त्यामुळे.

तुमच्यापैकी कुणाच्या मनात असेल तर थोडं कामाचं. एम.बी.ए.ला कुठल्याही शाखेची पदवी चालते, वयाची अट नाही. पीएच.डी.ला पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के लागतात, राखीव गटांना ५०. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पण बायकांना दोन वर्षांची जादा सवलत आणि बाळंतपण वा मुलांसाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. ही सवलत मागायला लाजू नका, मी मागितली. 'शोधगंगा'वर देशभरातले प्रबंध फुकट वाचायला मिळतात. आधी दहा-बारा वाचा, म्हणजे भीती जाते. आणि मार्च २०२३पासून एस.टी.त आपल्याला अर्धं तिकीट आहे, त्याचा मला कोल्हापूरच्या खेपांना केवढा उपयोग झाला!

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "एकशे अठ्ठेचाळीसच का? दीडशे का नाहीत?" मी सांगितलं. सगळं, ओट्यासकट. ते माझ्याकडे क्षणभर बघत राहिले, मग पान उलटून पुढचा प्रश्न विचारला.

ते अकरा कागद मी फाडले नाहीत. पाठकोरे आहेत, म्हणून स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवून ठेवले आणि त्यांच्यावर वाण्याची यादी लिहिते. परवा ह्यांनी एक ओढला, उलटा करून पाहिला आणि काही न बोलता त्यावर 'साखर दोन किलो' लिहिलं. आता तीनच उरलेत.