झाड तोडायचे पैसे मिळतात, जपायचे द्यावे लागतात

पाचोडमध्ये अंगणातलं झाड तोडायचं असेल तर एका फोनवर माणूस येतो. कटर मशीन त्याचं, दोर त्याचे, ट्रॅक्टरही त्याचाच. पण तेच झाड नीट छाटून ठेवायचं असेल तर कुणाला बोलवायचं, हे गावात कुणाला सांगता येत नाही. गेले काही दिवस मी याच कामाच्या मागे होतो, म्हणून सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण अवकाळीचे दिवस आहेत. वाचा.

आमच्या शेजारच्या मावशींच्या अंगणात मोठा कडुनिंब आहे. बुंधा एका माणसाच्या कवेत मावत नाही. एक जाड फांदी घराच्या पत्र्यावर आलेली, दुसरी लाईटच्या वायरला टेकलेली. मुलगा वाळूजला कंपनीत, घरी मावशी एकट्या. मला म्हणाल्या, "बाळा, तुझ्या ओळखीतला एखादा माणूस बघ. रातच्याला वारं सुटलं की डोळ्याला डोळा लागत न्हाई."

तीन जणांना बोलावलं. पहिल्याने झाडाला एक चक्कर मारली आणि म्हणाला, "अख्खं द्या, मीच मावशीला सहा हजार देतो." दुसरा साडेसातवर गेला. तिसऱ्याला मी विचारलं, नुसत्या दोन फांद्या उतरवायच्या तर? तो म्हणाला, "मग चार हजार तुमी द्या भाऊ. फांद्यात आमाला काय सुटतंय?"

त्याचं चुकीचं नाही, त्यालाही घर आहे. पण गणित बघा. झाड मारलं तर मावशीला पैसे मिळतात, जगवलं तर खिशातून जातात. आणि तिघांनीही एक वाक्य सारखंच सांगितलं, "आतून पोकळ हाय, पडणारच." ज्याला लाकूड मिळणार, तोच झाडाची तब्येत सांगणार. असा सल्ला फुकट मिळाला तरी महागात पडतो.

मग वनखात्यातून रिटायर झालेल्या एका ओळखीच्या गार्डमामांना घेऊन आलो. त्यांनी कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने बुंधा सगळीकडून ठोकून बघितला. मुळाजवळची माती उकरली. म्हणाले, "खोड भरीव आहे. पत्र्यावरची फांदी बेचक्यात चिरलीय, ती काढा. वायरवरची आखूड करा. बाकी झाडाला हात लावू नका." तेवढंच केलं. चार हजार गेले, झाड उभं आहे, मावशी झोपतात.

आता कुणी म्हणेल, भीती खोटी होती का? अजिबात नाही. 9 एप्रिल 2023 ची रात्र आठवा. अकोला जिल्ह्यातल्या पारसमध्ये बाबूजी महाराज मंदिराच्या आवारात वादळ-पावसामुळे लोक पत्र्याच्या शेडखाली थांबले होते. शेजारचं जुनं कडुनिंबाचं झाड शेडवर कोसळलं. 7 जणांचा जीव गेला, कितीतरी जखमी झाले. त्याआधी 2017 च्या जुलैत मुंबईत चेंबूरला रस्त्याने चालणाऱ्या एका महिलेवर नारळाचं झाड पडलं, त्यात ती दगावली. ते झाड काढायची परवानगी तिथल्या रहिवाशांनी आधीच मागितली होती आणि ती मिळाली नव्हती.

म्हणजे प्रत्येक झाड वाचवा म्हणणाराही चूक आणि प्रत्येक झाड पाडा म्हणणाराही चूक. मधे एक जाणता माणूस लागतो. तोच आपल्याकडे नाही.

तोपर्यंत आपण स्वतः काय बघायचं? मामांनी सांगितलेलं आणि मी वाचलेलं देतो.

1. बुंध्याला किंवा मुळाशी भूछत्रं उगवली असतील तर आत कूज आहे असं समजा.
2. झाड आधीपासून कललेलं असेल तर लगेच घाबरू नका. पण नव्याने कललं असेल आणि दुसऱ्या बाजूची माती उचलली, भेगाळली असेल तर त्या घरात झोपू नका.
3. दोन जाड फांद्या फुटतात त्या बेचक्यात उभी चीर दिसली तर ती फांदी पावसाआधी उतरवा.
4. नाली, बोअर किंवा पाया खोदताना एका बाजूची मुळं तोडली असतील तर झाड वरून हिरवंगार दिसेल, पण वाऱ्यात त्याच्या विरुद्ध बाजूला जाईल.
5. शेंडे वाळले म्हणून कडुनिंब लगेच विकू नका. 2021 मध्ये तेलंगणात हजारो कडुनिंब असेच वाळायला लागले होते. तो बुरशीचा रोग होता आणि त्यातली बरीच झाडं पुन्हा फुटली.

छाटणीचंही तसंच. आपल्याकडे छाटणी म्हणजे झाड बोडकं करणं. त्या ठुठांवर जे नवे फुटवे येतात ते नुसते सालीजवळ चिकटलेले असतात. चार-पाच वर्षांनी तेच जाड होऊन पहिल्यांदा मोडतात. फांदी काढताना आधी खालून थोडा काप घ्यायचा, मग वरून. नाहीतर साल बुंध्यापर्यंत सोलत जाते. आणि वायरजवळचं काम असेल तर लाईनमनला सांगून लाईन बंद झाल्याशिवाय कुणालाही झाडावर चढवू नका. महावितरणचा 1912 नंबर आहे, तो लावा.

अंगणात पेव्हर ब्लॉक टाकताना बुंध्याच्या गळ्यापर्यंत सिमेंट करायची फॅशन आलीय. हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. आपण निदान नवीन तरी टाकू नये.

आता कायदा. "घरचं झाड, कुणाला विचारायचं?" असं सर्रास ऐकतो. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, साग, चंदन अशी झाडं आहेत. ती तुमच्या मालकीची असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पैठण किंवा संभाजीनगर शहरात 1975 चा कायदा लागतो, तिथे नगरपरिषदेची, महापालिकेची परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनुसार 50 वर्षांवरचं झाड हेरिटेज. पाचोड ग्रामपंचायत आहे, तो कायदा इथे नाही. आणि 1964 च्या यादीत कडुनिंब नाही, वड-पिंपळही नाही. म्हणजे गावातल्या सगळ्यात मोठ्या झाडांना शेजाऱ्यांशिवाय कुणी वाली नाही.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. वर चढणारा पोरगा. मावशींकडे जो आला तो बावीस-तेवीसचा असेल. पायात स्लीपर, कमरेला दोर नाही, हातात चालू मशीन. विचारलं, विमा आहे का? हसला. "आमचा कसला इमा, भाऊ." बँकेत खातं होतं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपये भरले की अपघाती मृत्यूला 2 लाखांचं संरक्षण मिळतं. 20 रुपये! आपण पाचशे रुपयांसाठी तासभर घासाघीस करतो आणि हा प्रश्न विचारत नाही. यापुढे झाड उक्तं देताना आधी हे विचारा. नसेल तर त्याला बँकेत पाठवा, मगच चढवा. कमरेला दोर नसेल तर काम थांबवा.

सोलापूर-धुळे रस्ता चौपदरी झाला तेव्हा आडूळ-पाचोड भागातली रस्त्याकडेची जुनी झाडं गेली. 2012-13 च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा डोळ्यादेखत वाळल्या, लोकांनी कुऱ्हाड लावली. मोठी सावली म्हणायला आता अंगणातली, देवळाजवळची, शाळेतली झाडंच उरलीत.

म्हणून ग्रामपंचायतीकडे जाहीर मागणी करतोय. 1 मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. शाळा, दवाखाना, बाजार, देवळं इथल्या झाडांची पावसाआधी वनखात्याच्या माणसाकडून पाहणी करून घ्या. धोक्याची कोणती, जपायची कोणती, यादी बोर्डावर लावा. आणि गावातल्या चार पोरांना दोर, हेल्मेट, बेल्ट देऊन छाटणीचं काम शिकवा. काम वर्षभर आहे, करणारे हात गावात आहेत.

मी अर्ज लिहून ठेवलाय. ज्यांना सही करायची त्यांनी कमेंटमध्ये नाव टाका. आणि तुमच्या गल्लीत पत्र्यावर आलेलं झाड असेल तर फोटो पाठवा, यादीची सुरुवात आपणच करू.