दगडावरचं माझं नाव

मुलांनो, चिखलदरा पाहिलाय का? अमरावती-अकोल्याकडची बरीच मुलं लगेच हात वर करतील. काय काय पाहिलं म्हणून विचारलं, तर सांगतील : धुकं, गरम भजी, भाजलेले भुट्टे आणि गाड्यांची ही लांब रांग! खरंच आहे ते. आपण तिथं जातो तेच मुळी पावसाळ्यात, आणि धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नाही.

म्हणून या वेळी मी भाचा-भाचीला घेऊन दसरा-दिवाळीच्या मधल्या एका रविवारी गेलो. आकोटहून अंजनगाव, परतवाडा आणि मग घाट. चिखलदऱ्यात गर्दी होतीच. पण गावापासून दोनेक किलोमीटरवरच्या गाविलगडाकडे पायी निघालो, आणि पाचच मिनिटांत भोंग्यांचे आवाज मागे पडले.

शरद ऋतूतलं रान कसं असतं सांगू? गवत कमरेएवढं वाढलेलं, वरून सोनेरी व्हायला लागलेलं. कोळ्यांच्या जाळ्यांवर दवाचे थेंब. आणि मोज्यांत कुसळं! भाची दर वळणावर बसून ती उपटत होती.

गडाच्या दारापाशी आलो. एका दरवाज्यावर गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा पक्षी, कोरलेला आहे. मी गोष्ट सांगायला लागलो. हा गड बहमनी सुलतान अहमदशहानं १४२५ मध्ये बांधला, असं सांगतात. पुढं तो नागपूरकर भोसल्यांकडे आला. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी तो जिंकला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. पुढं १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच!

गोष्ट रंगात आली होती, तेवढ्यात पाहतो तर भाच्याच्या हातात टोकदार दगड. भिंतीवर नाव लिहायच्या बेतात! मी ओरडलोच, "टाक तो दगड! ही भिंत काय तुझ्या वहीचं पान आहे? कायद्यानं गुन्हा आहे हा." बिचाऱ्यानं दगड टाकला.

थोडं पुढं गेलो. एका पडक्या भिंतीवर नावांची गर्दीच होती. भाची एकेक वाचत होती. एकदम म्हणाली, "मामा, हे पाहा नं! हे तर तुमचंच नाव!"

माझं नाव, आडनाव, गावाचं नाव आणि खाली 'इयत्ता ७ वी'. पंचवीसेक वर्षांपूर्वीच्या सहलीतलं. अक्षर मात्र सुरेख होतं!

मला हसू येईना की बोलणं सुचेना. रोज वर्गात चाळीस मुलांना शिस्त शिकवणारा मी! भाचा हसला नाही. त्यानं हळूच विचारलं, "मामा, तुमाले कोनी रागावलं नव्हतं काय?"

नव्हतं रे बाबा. सर पुढं गेले होते, आणि मित्र बाजूला उभे राहून 'माझंही लिही' म्हणत होते.

त्यानं बाटलीतलं पाणी ओतलं, रुमालानं भिंत घासायला लागला. मी त्याचा हात धरला. कोरलेलं घासून जात नाही, उलट दगड आणखी झिजतो. गडाच्या अंगावर माझी ती चूक आता कायमचीच.

मग आम्ही कड्याजवळ, पण कडेपासून लांब, बसलो. खाली सगळं वऱ्हाड दिसत होतं : हिरवी तूर, फुटलेला कापूस, पलीकडे अचलपूरची घरं. पावसाळ्यात इतक्या वेळा आलो, पण हे कधी दिसलंच नव्हतं. शिदोरीतली पोळी खाल्ली, कागद पिशवीत भरले आणि उन्हं कलायच्या आत उतरलो. हे वाघांचं रान आहे; मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प १९७४ पासूनचा.

उतरताना भाचा म्हणाला, "मामा, मी लिहिलं असतं, तर माझ्या भाच्यानं वाचलं असतं नं?"

मुलांनो, तुम्हीही शरदात गाविलगडावर जा. पाणी घ्या, घरचं मोठं माणूस सोबत घ्या. आणि त्या भिंतीवर माझं नाव दिसलं तर खुशाल हसा. फक्त त्याखाली तुमचं लिहू नका.