पांढऱ्या खडूचं काम
विठ्ठलवाडी, आषाढातला रविवार

तेलखडूंच्या डबीतला पांढरा खडू कायम कोराकरकरीत. बाकीचे झिजून नखाएवढे. नवे खडू आणायला कल्याण एकच स्टेशन, पण या पावसात मुलांना घेऊन कोण जाणार? म्हणून त्या पांढऱ्यालाच कामाला लावलं. पांढऱ्या कागदावर दाबून लिहायचं, वरून पातळ निळा जलरंग फिरवायचा. मेण पाणी धरत नाही, त्यामुळे अक्षरं उमटतात. बाटिकची युक्ती हीच. (कागद जाड हवा, वहीचा लगेच फाटतो.)

डबी कॅम्लिनची. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईपासून सुरू केलेला उद्योग; आमच्या लहानपणी उंटाची डबी म्हणजे चैन.

धाकटीनं आजीला गुप्त पत्र दिलं. आजीनं रंग फिरवला: ‘दादाने लाडू खाल्ले.’ दादानं लगेच दुसरा कागद ओढला.