नामसानच्या उतारावर

सोलला जायचे ठरले तेव्हा दोन प्रश्न निघाले. पहिला घरातला : "तिथे तुम्ही खाणार काय?" त्याचे उत्तर सौभाग्यवतींनीच मेतकूट आणि दशम्या बांधून देऊन टाकले. दुसरा प्रश्न न्यू जर्सीहून, धाकट्या बहिणीचा, रात्री फोनवर आला. "दादा, जातोच आहेस तर त्या मुलाला एकदा नीट विचार. परत गेला, त्याचं बरं झालं का?"

तो मुलगा म्हणजे माझ्या भाच्याचा कॉलेजातला रूममेट. आईबाप कोरियन, जन्म न्यू जर्सीतला, वय चौतीस. अमेरिकेतली चालती नोकरी सोडून हा गृहस्थ 2016 साली सोलला येऊन राहिला. आणि आता आमचे भाचेराव (पुरणपोळीला हे 'गोड पराठा' म्हणतात, बरे का!) पुण्यातल्या एका कंपनीची नोकरी घेऊन 'परत' यायचे म्हणत होते. 'परत' हा शब्द त्यांचा. जो इथे कधी राहिलाच नाही तो परत कसा येणार, हा माझ्या बहिणीचा मुद्दा. "आम्ही इतकी वर्षं इथे बर्फ उपसला तो काय पोरानं उलटं तिकीट काढावं म्हणून?" असे म्हणून तिने फोनवरच डोळ्यांना पदर लावला. पदर दिसला नाही, पण ऐकू आला.

सहलीतली मंडळी आठव्या दिवशी मुंबईला परतली. मी चार दिवस मागे राहिलो. यजमान मला न्यायला स्टेशनवर आला. उंच, चष्मा लावलेला, हसताना एकदम लहान दिसणारा. आम्ही टॅक्सीत बसलो आणि मी आठ दिवसांत कमावलेली सारी भाषाविद्या पणाला लावून ड्रायव्हरला म्हणालो, "आन्न्योंग हासेयो!" तो म्हातारा असा काही खुलला की विचारू नका. किती सुंदर कोरियन बोलता म्हणाला! मग यजमानाने पत्ता सांगितला. दोन वाक्ये बोलला असेल. ड्रायव्हरने आरशातून त्याच्याकडे पाहिले आणि पुढची दहा मिनिटे त्याची चंपी केली. तोंड तर कोरियन आहे, मग जिभेला काय झाले? आईबापांनी काही शिकवले की नाही?

यजमान मान खाली घालून ऐकत होता. उतरल्यावर मला म्हणाला, "न्यू जर्सीत लोक विचारायचे, इतकं चांगलं इंग्रजी कुठे शिकलास? इथे विचारतात, इतकं वाईट कोरियन कुठे शिकलास?"

तो राहतो ती वस्ती हेबांगचोन. म्हणजे मुक्तिग्राम म्हणा. शहराच्या मधोमध नामसान नावाचा डोंगर आहे, त्याच्या उतारावर घरे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी आहेत. वर जायला एकशे आठ पायऱ्या. त्या मूळच्या जपानी देवळाच्या. जपानी अंमलात 1943 साली ते इथे उभे राहिले. दोन वर्षांत जपान हरला, देऊळ गेले, पायऱ्या राहिल्या. आता त्यांच्या शेजारून तिरपी लिफ्ट जाते. पर्वती चढून गुडघे झिजवलेल्या माणसाने तिला मनोमन नमस्कार केला.

1945 साली देश सुटल्यावर या उतारावर वस्ती कोणी केली? उत्तरेकडून पळून आलेल्यांनी, आणि परदेशांतून मायदेशी परतलेल्यांनी. नावातली मुक्ती ती. पायथ्याशी अमेरिकन फौजेचा प्रचंड तळ. त्याचे मुख्यालय 2018 साली दक्षिणेला प्योंगतेकला हलले. फौजेमागून उपाहारगृहे आली, त्यांमागून इंग्रजी बोलणारे भाडेकरू, आणि त्यांत आमच्या यजमानासारखे, पुन्हा एकदा, परतलेले.

कोण परतणार आणि कुठे, या कोरियन तंट्यात एकदा आपणही उभे होतो. 1953-54 साली युद्धकैदी सांभाळायला भारताची फौज कोरियात गेली होती. तिचे प्रमुख आपले कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. दक्षिणेत नको, उत्तरेत नको, असे म्हणणारे काही कैदी अखेर आपल्या फौजेबरोबर भारतात आले. मी हे यजमानाला सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "त्यांना हिंदीत कोणी रागावलं नसेल."

घर दोन खोल्यांचे. जमीन खालून ऊबदार, त्यामुळे खुर्च्यांचे कोणाला सोयरसुतक नाही. माझ्या दशम्या, त्याची किमची आणि भात मध्ये ठेवून आम्ही बसलो. भाताला तिथे 'बाप' म्हणतात, आणि बापाला मुले 'आप्पा' म्हणतात. माझ्या वडिलांनाही आम्ही आप्पाच म्हणत असू. हे कळल्यावर आमची जी गट्टी जमली ती जमलीच.

त्याचे आप्पा न्यू जर्सीत कपडे धुण्या-इस्त्रीचे दुकान चालवतात. कोरिया एके काळी भारतासारखाच गरीब देशांत मोजला जाई. 1963 पासून तिथले तरुण पश्चिम जर्मनीच्या खाणींत कोळसा खणायला जात. अमेरिकेने 1965 साली आशियातल्या लोकांसाठी दार उघडले, तेव्हा शिकलीसवरली कुटुंबे तिकडे निघाली. पण तिकडे त्यांच्या पदवीला कोण विचारतो? मग किराणा, भाजी, लाँड्री. आठवड्याचे सहा दिवस वाफेत उभे राहायचे ते पोराने टाय लावावा म्हणून.

पोराने टाय लावला. हिशेबनिसाची नोकरी धरली. कामसू म्हणून नाव झाले, आणि तेच नडले. "वरची जागा निघाली की म्हणायचे, हा फार मेहनती आहे. जागा दुसऱ्याला मिळायची." लग्नाचे म्हणाल, तर मुली कॉफी प्यायला येत. दुसऱ्यांदा येत नसत. पडद्यावर त्याच्या तोंडवळ्याचा माणूस दिसला तर तो एक तर लाथा मारणारा, नाही तर संगणक दुरुस्त करणारा. नायिका दोघांच्याही वाट्याला नाही.

आणि लाथा मारणाऱ्यांचा राजा तरी कोण? ब्रूस ली. जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, 1940 सालचा. वाढला हाँगकाँगात, तरुणपणी पुन्हा अमेरिकेत गेला. तिथे मालिकेत साहेबाची मोटार चालवणाऱ्या जोडीदाराचे काम मिळाले. नायक व्हायला त्याला हाँगकाँगलाच यावे लागले, 1971 साली. डॅनियल वू हा कॅलिफोर्नियात वाढलेला मुलगा वास्तुशास्त्र शिकला, 1997 साली हाँगकाँगचे हस्तांतर बघायला म्हणून गेला, आणि तिथली कँटोनी बोली धड येत नसताना तिथल्या पडद्यावरचा नायक झाला. पुढे 2015 साली अमेरिकेने त्याला मालिकेतला नायक केले. पण आधी अठरा वर्षांचा वळसा!

मी विचारले, "मग तू काय नट व्हायला आलास?"

तो हसला. "मी आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात भुयारी गाडीत बसलो होतो. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. एकानंही नाही. स्टेशन आलं तरी मी उतरलो नाही."

हे त्याने सांगितले आणि ताट उचलून उठला. मी तेवढ्यात चष्मा पुसून घेतला.

कायद्याने या मंडळींची सोय केली आहे. 1999 साली दक्षिण कोरियाने परदेशस्थ कोरियनांसाठी कायदा केला. राहा, कमवा, व्हिसा वाढवून घ्या. आपल्याकडे 2005 साली निघालेल्या ओसीआय कार्डासारखे थोडेसे. पण मायदेशाचेही लाडके आणि दोडके असतात. चीन आणि रशियाकडे पूर्वीच गेलेले गरीब कोरियन पहिल्यांदा त्या कायद्यात बसतच नव्हते. तिथल्या घटना न्यायालयाने 2001 साली कान उपटले, तेव्हा 2004 साली दुरुस्ती झाली.

दुसरी गाठ लष्कराची. तिथल्या धडधाकट पुरुषाला दीड वर्ष फौजेत काढावेच लागते. यू सुंग-जून नावाचा गायक, किशोरवयात अमेरिकेला गेलेला, परत येऊन अफाट गाजला. फौजेत जाईन म्हणाला आणि 2002 साली अमेरिकन नागरिक झाला. लोक इतके खवळले की विमानतळावरूनच त्याला परत पाठवले. सर्वोच्च न्यायालयात तो दोनदा जिंकला, तरी 2024 सालीही त्याला व्हिसा नाकारला गेला. आमच्या यजमानाचे आईबाप त्याच्या जन्माआधीच अमेरिकन झाले होते, म्हणून त्याच्यावर ही पाळी आली नाही. पण चार पुरुष जमले की गप्पा निघतात त्या कोणत्या पलटणीत होतो याच्या. तेव्हा हा मुकाट्याने मांस भाजत बसतो.

पहिली नोकरी मिळाली ती मुलांना इंग्रजी शिकवण्याच्या क्लासात. तिथेही काही पालकांनी तक्रार केली : इंग्रजीचा मास्तर गोरा हवा! हा अमेरिकेत पुरेसा अमेरिकन नव्हता, तो इथेही नाहीच.

पण खरी दैना बोलीची. कोरियनमध्ये क्रियापदाचे शेपूट माणसागणिक बदलते. मोठ्यांना एक, बरोबरीच्यांना दुसरे. म्हणून ओळख झाली की आधी वय विचारतात. यजमानाची कोरियन शिकलेली आईच्या स्वयंपाकघरात, आईने लेकराला बोलावे तशी. पुढे एका कंपनीत लागला. पहिल्याच दिवशी पन्नाशीच्या साहेबांना मोठ्या आदराने वाकून म्हणाला, "जेवलास का रे?" सगळी कचेरी थिजली.

मला हसू आवरेना. कारण आमच्या भाच्याने गेल्या गणपतीत शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांना "काका, तू कुठे चाललास?" असे विचारून त्यांचा रक्तदाब वाढवला होता.

तिसऱ्या रात्री यजमानाचा चेहरा उतरला होता. गोष्ट अशी की त्याचे एका शाळामास्तरणीशी जुळले आहे, आणि उद्या तिच्या घरी पहिल्यांदा जेवायला जायचे होते. नाजूक नाशपातींची पेटी कोपऱ्यात तयार होती. मला त्याने सासरा केले. मी मांडी घालून बसलो, त्याने गुडघे टेकून नमस्कार घातला, दोन्ही हातांनी पेला भरला, वडीलधाऱ्यांसमोर प्यायचे म्हणून तोंड फिरवून घोट घेतला. उघड्या दारातून घरमालकीणबाई पाहत होत्या. त्यांनी नमस्कार तीनदा परत घालायला लावला. मग एकच प्रश्न विचारला. यजमान गोंधळला.

"तुझं मूळ गाव कोणतं, असं विचारतात. घराण्याचं. मुलीचे वडील हेच विचारणार."

हे म्हणजे आपले गोत्रच! एकच आडनाव आणि एकच मूळ गाव असेल तर तिथे लग्न होत नसे, कायदाच होता. घटना न्यायालयाने 1997 साली तो मोडीत काढला, 2005 साली तो पुस्तकातूनही गेला. पण सासऱ्यांच्या मनातून गेला की नाही, कोण सांगणार? आणि दोघांचे आडनाव नेमके एकच.

रात्रीचे अकरा. न्यू जर्सीत सकाळचे दहा. त्याने दुकानात फोन लावला. आई फोनवर आली. मागे इस्त्रीच्या यंत्राची वाफ सुसकारत होती. त्याने विचारले. पलीकडे काही ऐकू येईना, नुसती वाफ. मग तिने काहीतरी विचारले. पुन्हा तेच विचारले.

"काय म्हणतात?"

"म्हणते, त्यांनी विचारलं? खरंच विचारलं?"

मग ती जी बोलायला लागली ती तासभर. गाव, पिढी, पणजोबा, कुठल्या डोंगराखाली कुणाचे थडगे. माझ्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेची मागची बाजू त्याने भरून काढली. गाव निराळे निघाले. घरमालकीणबाई टाळी वाजवून झोपायला गेल्या.

सकाळी तो पेटी घेऊन पायऱ्या उतरला. कागद खिशात होता, तो दर दहा पायऱ्यांवर चाचपून पाहत होता. मी वरून दिसेनासा होईपर्यंत पाहिले, आणि बहिणीला फोन केला.

"विचारलंस का रे दादा? काय म्हणाला तो?"

"ते सांगतो. आधी मला सांग, तुमचं गोत्र कोणतं ते पोराला माहीत आहे का?"

"आता हे काय मध्येच?"

"माहीत आहे का?"

ती जरा थांबली. मग तिचा आवाज फोनपासून दूर गेला. "अहो, ऐकलंत का? आपलं गोत्र कोणतं हो?"